सगळ्यांच्याच पोटात

कापसाची पराटी उभी होती तोवर आशाबाईचं लपून गेलं.

अकोटापासून दोन कोसांवर त्यांचं वावर होतं. एकोणीसशे साठ साली कापूस कमरेच्या वर गेला होता. वेचणीला बायका एका ओळीत लागायच्या आणि आशाबाई नाल्याकडचं शेवटचं तास मुद्दाम धरायची. पोटात कळ उठली की ओटीतला कापूस तिथंच ठेवून ती पराटीआड जाऊन बसायची. आधी दिवसातून चार वेळा, मग सहा, मग नऊ. पहिल्यांदा रक्त दिसलं तेव्हा तिला वाटलं, पाळी लवकर आली. दोन दिवसांनी कळलं की हे रक्त तसलं नव्हे. तिनं पायानं त्यावर माती लोटली, चिकण मातीनं हात घासून धुतले आणि पुन्हा वेचायला लागली. कुणाला सांगायचं, आणि काय म्हणून सांगायचं? तिला सव्विसावं लागलं होतं. पाच वर्षांची कौशल्या तिची एकुलती मुलगी.

फेब्रुवारीत वेचणी संपून उलंगवाडी झाली. पराट्या उपटून ढीग लागले आणि वावर या टोकापासून त्या टोकापर्यंत उघडं पडलं. आडोसा म्हणून काही उरला नाही. पहाटे बाहेर जायचं ते सासूच्या सोबतीनं, आणि पार्बताबाईच्या नजरेतून काही सुटत नसे.

"काय वं, हे रगत कायचं?" एका सकाळी तिनं विचारलं.

आशाबाईनं लोटा खाली ठेवला.

"कवापासून हाये?"

"दिवाळीपासून, आत्याबाई."

"आन् आता सांगून राहिली!" पार्बताबाई ओरडली खरी, पण घरी जाताना लोटा तिनंच घेतला.

खुशालराव, आशाबाईचा नवरा, कमी बोलणारा माणूस होता. त्यानं दुसऱ्याच दिवशी तिला अकोल्याला न्यायचं ठरवलं. त्या प्रवासाची धास्ती आशाबाईला दुखण्याहून जास्त होती. एस.टी.त बसलं की मधेच उतरायचं कसं? आदल्या दुपारपासून तिनं अन्नाला हात लावला नाही. पाणीही घोटभर. तरी अर्ध्या वाटेवर कळ आलीच. तिनं पुढच्या सीटची दांडी दोन्ही हातांनी आवळून धरली, डोळे मिटले आणि मनात आकडे मोजायला लागली. तीनशेच्या पुढं तिला मोजता येईना. खुशालरावानं तिच्याकडं पाहिलं, काही न विचारता उठला आणि कंडक्टरला म्हणाला, "गाडी थांबवा. बाईमाणसाची तबीयत ठीक नाई." गाडी एका बाभळीजवळ थांबली. पन्नास माणसांच्या नजरा पाठीवर घेऊन ती खाली उतरली. पुढं कित्येक वर्षं ती बाभूळ तिच्या स्वप्नात येत राहिली.

अकोल्याच्या डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं, चार प्रश्न विचारले आणि सांगितलं, "रक्ती आंव. अमीबा नावाचे जंतू असतात आतड्यात. दहा इंजेक्शनं घ्यावी लागतील." शौच तपासायला त्यांनी काही पाठवलं नाही. वऱ्हाडात रक्त पडतं म्हणजे आंवच, हे सगळेच धरून चालत. जाता जाता ते म्हणाले, "भांडी उकळत जा. लहान मूल आहे ना घरात? त्याला जपा."

डॉक्टरांच्या लेखी तो एक साधा सल्ला होता. पार्बताबाईनं तो गाठीशी बांधून घरी आणला. दुसऱ्या दिवसापासून आशाबाईची थाळी, पेला, लोटा सगळं वेगळं झालं. चूल तिच्याकडून गेली. ओसरीच्या कोपऱ्यात तिचं अंथरूण पडलं. कौशी धावत येऊन मांडीवर बसायला गेली तेव्हा आजीनं तिला दंडाला धरून मागं ओढलं.

"मायले हात लावू नको. मायच्या पोटात किडे हायेत."

"कसे किडे?" कौशीनं विचारलं.

"दिसत नाई असे."

कौशी आईपासून चार हातांवर बसून तिच्या पोटाकडं एकटक पाहत राहिली. आशाबाईनं पदर ओढून पोट झाकून घेतलं.

इंजेक्शनं झाली. फरक पडला नाही. मग डॉक्टरांनी कॅप्सुला दिल्या, जंतू मारायच्या. आठ दिवस रक्त जवळपास थांबलं. आशाबाईला वाटलं, सुटलो एकदाचे. त्या आठवड्यात तिनं सासूच्या परवानगीनं कौशीची वेणीसुद्धा घातली. पण कॅप्सुला संपल्या आणि चार दिवसांत दुखणं दुपटीनं परत आलं. आता पाण्यासारखं व्हायचं, रक्त आणि शेंब, अंगात ताप. पावसाळ्यात पुन्हा तीच दहा इंजेक्शनं झाली. सहाव्या इंजेक्शनानंतर तिच्या छातीत धडधड सुरू झाली. न्हाणीपर्यंत चालत गेलं तरी डोळ्यांपुढं अंधारी यायची. दसऱ्याला डॉक्टर म्हणाले, जंतू फारच चिवट दिसतात, तिसऱ्यांदा देऊन पाहू.

त्याच सुमारास तिचा थोरला भाऊ श्रावण भेटायला आला. तो बडनेऱ्याला रेल्वेत फिटर होता. बहिणीला पाहून तो ओसरीतच थबकला. गळ्याची हाडं वर आली होती, बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या.

"भाऊजी, मी हिले घेऊन जातो," तो खुशालरावाला म्हणाला. "अमरावतीले एक डॉक्टर हाये, आमच्या फोरमनच्या भावाले त्यानं बरं केलं. तिसऱ्यांदा सुया टोचू देनार नाई मी."

"पोरगी?" आशाबाईनं विचारलं.

पार्बताबाईनं कौशीला आत नेलं.

अमरावतीच्या त्या दवाखान्याच्या मागच्या खोलीत तपासणी होत असे. तिथं कुंदा जोगळेकर नावाची तिशीतली बाई काम करायची. नागपुरातून बी.एस्सी. झालेली, बापाची वकिली अमरावतीत, लग्न न केलेली. डॉक्टर कमलाकांत तिच्या कागदावर विसंबून असत, आणि ती कागदावर पाहिल्यापेक्षा एक अक्षर जास्त लिहीत नसे.

"आशाबाई, घरून बाटलीत आणू नका," तिनं पहिल्याच दिवशी सांगितलं. "गार झालं की अमीबा ओळखू येत नाही. इथंच मागं संडास आहे. झाल्याबरोबर मला द्या. लाजायचं नाही, हे माझं रोजचं काम आहे."

आशाबाई लाजली नाही, घाबरली. आजवर ज्यावर माती लोटली होती ते एक परकी बाई काचेवर घेऊन डोळ्याला लावत होती. कुंदा बराच वेळ यंत्रातून पाहत राहिली. मधेमधे काच सरकवायची. आशाबाई तिच्या पाठीकडं पाहत बाकावर बसली होती.

"काय दिसून राहिलं?" शेवटी तिनं विचारलं.

"रक्त आहे. पू आहे. अमीबा नाही."

"नाई?"

"आज नाही. उद्या पुन्हा या. परवाही या."

तीन दिवस ती बडनेऱ्याहून येत राहिली. तीन दिवसांत कुंदानं अठरा काचा पाहिल्या. चौथ्या दिवशी डॉक्टरांनी दिव्याच्या नळीनं आतून तपासलं. ते झाल्यावर त्यांनी श्रावणला आणि तिला समोर बसवलं.

"ही आंव नव्हे," डॉक्टर म्हणाले. "आतड्याचं आतलं अस्तर सोललं गेलंय. हात लावला तरी रक्त येतं. तुम्हाला टोचलेली ती वीस इंजेक्शनं या आजारावर नव्हतीच. उलट हृदयाला त्रास झाला."

"मंग जंतू नाईत माह्या पोटात?"

"आहेत. सगळ्यांच्याच असतात, कोट्यवधी. बाळ जन्मल्यावर दोन-चार दिवसांत आतड्यात त्यांची वस्ती होते, ती मरेपर्यंत. एरवी ते आणि आपण गुण्यागोविंदानं राहतो. तुमच्या आतड्याचं त्यांच्याशी पटेनासं झालंय असा काहींचा तर्क आहे. आधी जंतू बिघडले की आधी आतडं, हे विलायतेतही अजून कुणाला ठाऊक नाही. कॅप्सुलांनी आठ दिवस बरं वाटलं म्हणालात ना? आणि नंतर जास्त झालं?"

"हो."

"आतली वस्ती पार धुऊन निघाली असेल, त्यात कामाचेही गेले. म्हणजे त्यांचा काहीतरी संबंध आहे. काय संबंध, ते मला सांगता येत नाही. मी औषध देतो, उतार पडेल. मुळापासून जाईल असं वचन देत नाही."

श्रावणला हे उत्तर आवडलं नाही. बाहेर आल्यावर तो म्हणाला, "अकोल्याचा कमीत कमी बरं होईन तं म्हने." आशाबाईच्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. सगळ्यांच्याच पोटात असतात. हे घरी कोण सांगणार, आणि सांगितलं तरी मानणार कोण?

औषधं सुरू झाली. पिवळ्या मोठ्या गोळ्या दिवसातून आठ, आणि पांढऱ्या बारीक गोळ्या, ज्यांनी तिचा चेहरा महिन्याभरात पुरीसारखा फुगला. पण रक्त कमी होत गेलं. नऊ वेळांचं पाच झालं, पाचाचं तीन. श्रावणच्या बायकोनं मऊ भात आणि ताक चालू ठेवलं. आशाबाईला भूक लागायला लागली.

आणि मग डिसेंबरात एका दुपारी रेल्वेच्या क्वार्टरसमोर टांगा थांबला. खुशालराव उतरला, त्याच्या खांद्यावर कौशी. मागून पार्बताबाई.

"पोरीले लागली," पार्बताबाईनं दारातूनच सांगितलं. "आठ रोज झाले. रगत पडून राहिलं. घेतलं पोरीनं तुह्यापासून!"

आशाबाईच्या हातातून तांदूळ पाखडायचं सूप खाली पडलं. कौशीचे ओठ सुकले होते, डोळे खोल गेले होते. आईला पाहून तिनं हात पुढं केले आणि आशाबाई, जिनं दोन महिने रोज या क्षणाची वाट पाहिली होती, एक पाऊल मागं सरली. आपणच दिलं. त्या आठवड्यात वेणी घातली, तेव्हाच. तिनं दोन्ही हात पाठीमागं नेले.

"घे ना तिले," खुशालराव म्हणाला.

"नाई. नाई घेत."

तासाभरात सगळे दवाखान्यात होते. कुंदानं कौशीचा नमुना घेतला आणि यंत्रापुढं बसली. आशाबाई भिंतीला पाठ लावून उभी राहिली. आतून एकच मागणं चाललं होतं: देवा, माझ्यासारखं निघू देऊ नको, काहीही निघू दे, माझ्यासारखं नको. बाहेर रस्त्यावरून कापसाच्या बैलगाड्या जात होत्या. त्यांच्या घुंगरांचा आवाज येत होता, थांबत होता, पुन्हा येत होता.

"अमीबा आहे," कुंदा मान न उचलता म्हणाली. "चालताना दिसतोय. पोटात रक्ताच्या पेशी घेऊन चाललाय."

"पाह्य!" पार्बताबाई म्हणाली. "म्या नव्हतं सांगतलं? मायचेच किडे!"

कुंदानं मान उचलली. "आजी, आशाबाईंच्या अठरा काचा मी पाहिल्या. त्यांच्यात अमीबा नव्हता. एकही नाही. मुलीला त्यांच्यापासून लागलेलंच नाही."

"मंग कोनापासून?"

"ते पाहायला हवं. एका घरात राहता, एका विहिरीचं पाणी पिता. उद्या सकाळी तुम्ही आणि खुशालराव दोघंही या."

पार्बताबाईला तो अपमान वाटला. "मले काय झालं? माही तबीयत पा, दगडासारखी हाये." पण खुशालराव पहिल्यांदाच आईवर आवाज चढवून बोलला. "माय, उद्या दवाखान्यात याचं म्हंजे याचं."

दुसऱ्या दिवशी कुंदानं आधी खुशालरावाची काच पाहिली. काही निघालं नाही. पार्बताबाईच्या काचेवर तिनं आयोडीनचा थेंब टाकला आणि बराच वेळ पाहिलं. मग उठून आशाबाईला बाजूला घेतलं.

"तुमच्या सासूबाईंच्या पोटात आहेत," ती हलक्या आवाजात म्हणाली. "कोश करून बसलेत. त्यांना त्रास नाही, पण त्यांच्याकडून दुसऱ्याला लागू शकतो. मुलीला त्यांच्याकडूनच लागला असं शपथेवर सांगता येणार नाही, विहिरीचंही पाणी असेल. पण स्वयंपाक त्या करतात, भरवतात त्या. त्यांना सांगावं लागेल. मी सांगू की तुम्ही सांगता?"

आशाबाईला छातीत काहीतरी वर येताना जाणवलं. तो आनंद होता, आणि तो आनंद आहे हे कळल्यावर ती स्वतःलाच भ्याली. आठ महिने वेगळी थाळी. आठ महिने ओसरीचा कोपरा.

"तुमीच सांगा," ती म्हणाली.

कुंदानं सांगितलं, सरळ, चढा सूर न लावता. पार्बताबाई म्हणाली, "मले दाखव."

कुंदानं तिला स्टुलावर बसवलं. एक डोळा मिटायचा, दुसऱ्यानं पाहायचं. म्हातारीला बराच वेळ जमेना. मग ती एकदम दचकली. "लय हायेत वं! मुंग्याइसारखे! हे सारे माह्या पोटातले?"

"ही काच तुमची नव्हे."

"मंग? आशीची?"

"माझी," कुंदा म्हणाली. "आज सकाळची. हे वळवळणारे अमीबा नव्हेत, हे साधे जंतू. तुमच्यातही आहेत, डॉक्टरांच्यातही आहेत. त्यांच्याशिवाय कुणाचं चालत नाही."

पार्बताबाईनं कुंदाच्या स्वच्छ पांढऱ्या लुगड्याकडं पाहिलं. "बामनाच्या पोटातबी?"

"बामणाच्याही."

नंतर कुंदानं तिला तिची काच दाखवली. पिवळसर, गोल, निवांत बसलेले कोश. म्हातारीनं ते पाहिले आणि स्टुलावरून उतरली. कौशी बाकावर निजली होती, तिच्याजवळून जाताना पार्बताबाईनं लुगडं आवरून घेतलं, मुलीला काठसुद्धा लागू नये म्हणून.

त्या दुपारी श्रावणच्या घरी तिनं स्वतःच एक थाळी वेगळी काढली. सगळे आत जेवायला बसले, ती मोरीजवळ बसली. कौशीनं "आजी, इकडं ये" म्हणून हाक मारली तर म्हणाली, "तू जेव. म्या बरी हावो इथं."

आशाबाईनं पाहिलं. काही केलं नाही. तो सगळा दिवस तिनं काही केलं नाही. कौशीला मांडीवर घेऊन, तिला डॉक्टरांच्या पुड्या मधातून चाटवत, ती सासूकडं मधूनमधून पाहत होती. बसू दे. कळू दे. पण म्हातारी कुरकुर करील, रडेल, कुणावर तरी ओरडेल असं तिला वाटलं होतं, तसं काहीच झालं नाही. पार्बताबाई नुसती आपल्या हातांकडं पाहत होती. उलटे करून, सुलटे करून. मग बादलीशी जाऊन राखेनं घासायची, पुन्हा येऊन बसायची. संध्याकाळपर्यंत बोटांच्या पेरांची साल निघाली.

ते हात आशाबाईला पाहवेनात. नाल्याकाठी चिकण मातीनं घासलेले स्वतःचे हात तिला चांगलेच ठाऊक होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं सासूची थाळी उचलून सगळ्यांच्या थाळ्यांत ठेवली.

"आत्याबाई, गोळ्या घेतल्या म्हंजे जाते ते. वीस दिवसाचं काम हाये. हात धुवा, पानी उकळा, बस. वेगळं बसाचं काम नाई."

"तू बसली आठ महिने."

"हो. बसली."

याहून जास्त दोघी त्यावर कधीच काही बोलल्या नाहीत. आशाबाईनं माफ केलं असंही म्हणता येणार नाही. कौशीला आजीनं दंडाला धरून ओढलं होतं ते ती विसरली नाही, आणि पार्बताबाईनंही तिला विसरायला सांगितलं नाही.

कौशी दहा-बारा दिवसांत खडखडीत बरी झाली. पार्बताबाईचे कोश गेले. खुशालरावानं विहिरीला कठडा बांधला आणि घरात पाणी उकळायला वेगळं पातेलं आलं. ज्यांच्या पोटात अमीबा होते त्या दोघी अशा महिन्याभरात मोकळ्या झाल्या. जिच्या पोटात नव्हते ती मात्र मोकळी झाली नाही. आशाबाई गावी परतली, चूल पुन्हा हातात घेतली, चेहऱ्याची सूज उतरली. पण रोज सकाळी ती लोटा घेऊन भीतभीत निघायची आणि रक्त आहे का पाहून झाल्यावर, आज नाही, असं म्हणून ती परत यायची. खाण्यात काय चालतं, काय नाही, हे तिनं एकेक करून शोधलं. तिखट वर्ज्य. दूध वर्ज्य. ताक चालायचं. का चालायचं, ते डॉक्टरांनाही सांगता आलं नाही.

दोन वर्षं चांगली गेली. चौसष्टच्या ज्येष्ठात, पेरणीच्या तोंडावर, पुन्हा रक्त दिसलं. या वेळी तिनं माती लोटली नाही. घरी येऊन उजेडात, सगळ्यांदेखत, खुशालरावाला सांगितलं. तो बियाणं काढत होता, हातातलं तसंच ठेवून उठला.

"पेरनी?" ती म्हणाली.

"पेरनी होते. तू लुगडं बदल."

पण पाऊस दोन दिवसांवर दिसत होता आणि पुरुषमाणूस हलणं कठीण होतं. पार्बताबाई आतून पिशवी घेऊन आली. "म्या जातो तिच्यासंगं. गाडी कुठंबी थांबवाले लावतो. कंडक्टरले काय भेतो का मी?"

दवाखान्यात त्या दिवशी गर्दी होती. कुंदाच्या खोलीचं दार बंद होतं आणि आशाबाईची काच आत होती. बाहेर बाकावर तिवशाकडची एक सासू आणि तिची सून बसली होती. सून खाली मान घालून, पोटाशी हात धरून. सासू तिच्यापासून दोन हात अंतर ठेवून.

"जंतू हायेत म्हनते हिच्या पोटात," ती परकी बाई पार्बताबाईला म्हणाली. "लेकरंबाळं हायेत घरात. कसं करावं?"

"काहून भेता?" पार्बताबाईचा आवाज साऱ्या दवाखान्यात गेला. "सगळ्याइच्याच पोटात असतेत. तुमच्या हायेत, माह्या हायेत, त्या अंदरच्या बाईच्याबी हायेत. म्या माह्या डोयानं पायले. आधी तपासू तं द्या कोनाचे काय हायेत ते."

सगळे वळून पाहायला लागले. त्या सुनेनं पहिल्यांदा मान वर केली. आशाबाईला लाज वाटली, आणि थोडं हसूही आलं, पण तिचं लक्ष दारावरून हललं नाही. आत कुंदा काच सरकवत असणार. पुन्हा किती महिने? पुन्हा त्या पांढऱ्या गोळ्या? उतार पडेल की या खेपेला पडणारच नाही?

दार उघडलं. कुंदानं तिला नावानं हाक मारली. आशाबाई उठली, पदर सारखा केला आणि आत गेली.

या खेपेलाही अमीबा नव्हता. रक्त थांबायला सात आठवडे लागले.